ट्रायम्फ टीआर६ची मागची माउंटिंग मजबूत करायचीत? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली की पहिले पैसे जातात क्रोमवर, मग पेंटवर, मग सीटच्या लेदरवर, आणि गाडीखाली कोण झोपून बघणार म्हणून चासी तशीच राहते. टीआर६च्या बाबतीत हे फार महागात पडतं. या गाडीत मागचा डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा, पुढे नुसता डिफ), मागचे ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरून वर-खाली हलणारे हात), स्प्रिंग, शॉक अबसॉर्बर, सगळं बॉडीला नाही तर खालच्या चासीलाच लटकलेलं असतं आणि ज्या ब्रॅकेटांवर ते लटकतं ती ब्रॅकेट पातळ पत्र्याची आहेत. त्यात मुंबईचे खड्डे, स्पीडब्रेकर, खारी हवा आणि चार महिने पाऊस. तर ही माउंटिंग तपासायची कशी, मजबूत कशी करायची आणि कुठे हात लावायचा नाही, ते सगळं इथे सविस्तर लिहितोय.

हे फक्त टीआर६लाच लागू आहे असं नाही. १९६५च्या टीआर४एपासून ट्रायम्फने मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारं) दिलं (अमेरिकेत त्यात साधा अखंड अ‍ॅक्सलवालाही प्रकार मिळायचा, तो या लेखात नाही), मग टीआर५, टीआर२५० आणि शेवटी १९७६पर्यंत बनलेली टीआर६, या सगळ्यांच्या मागच्या चासीची रचना जवळपास तीच. फरक एवढाच की टीआर४एमध्ये २१३८ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन होतं आणि नंतर त्याच पद्धतीच्या चासीवर २४९८ सीसीचं सहा सिलेंडरचं आलं. टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढला, ब्रॅकेट मात्र फारशी बदलली नाहीत.

आधी तुटतं का ते समजून घ्या

हे न समजता वेल्डिंग केलं तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी होतं, म्हणून थोडं थांबून वाचा.

डिफरन्शियल चासीला चार पिनांवर लटकलेला असतो. दोन पुढे, दोन मागे. पिना चासीच्या ब्रॅकेटमधून खाली येतात, त्यावर वर-खाली रबरी बुश (धक्का सोसणारे रबराचे तुकडे) आणि शेवटी नट. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडता तेव्हा चाकं पुढे फिरायला लागतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून डिफचं नाक वर उचललं जातं, म्हणजे पुढच्या दोन पिनांना वर ढकलतं. शिवाय प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफपर्यंत येणारा दांडा) मागून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि तो अख्खा डिफ त्याच दिशेने पिळायला बघतो, म्हणजे उजवी बाजू वर. दोन्ही जोर एकत्र कुठे येतात? पुढच्या उजव्या पिनेवर. म्हणून जगभरातल्या टीआरवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, उजवी पुढची पिन बघितलीस का. ॲक्सिलरेटर सोडला किंवा रिव्हर्स टाकला की जोर उलटा होतो, वर ढकललेली पिन आता खाली ओढली जाते. वर-खाली, वर-खाली, पन्नास वर्षं. पत्र्याला तडा जाणारच.

आणि हा जोर काही थोडाथोडका नाही हो. पहिला गिअर इंजिनचा टॉर्क साधारण तिप्पट करतो, पुढे डिफचा रेशो ३.४५ किंवा ३.७, म्हणजे नाक उचलणारा टॉर्क इंजिनच्या दहापट, तो सगळा अडवायचा कोणी तर त्या चार पिनांनी.

ट्रेलिंग आर्मचं वेगळं आहे. ॲल्युमिनियमचा ओतीव आर्म, प्रत्येक आर्मला दोन ब्रॅकेट, ती चासीच्या तिरक्या क्रॉसमेंबरला (चासीच्या दोन रेलांना जोडणाऱ्या आडव्या भागाला) बोल्टने लागतात. इथे टॉर्कपेक्षा खड्ड्यांचा आणि ब्रेकचा मार जास्त, आणि टॉर्कने जेवढं होत नाही तेवढं गंजाने होतं, कारण क्रॉसमेंबर आतून पोकळ, चिखल आणि पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते.

लक्षणं, आणि जी लक्षणं फसवतात

क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना मागून खाटकन आवाज येणं हे ठरलेलं लक्षण. रिव्हर्समधून फर्स्टमध्ये गेलात आणि सीटखाली काहीतरी आपटल्यासारखं झालं तर संशय पक्का. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला जराशी वळते असं वाटत असेल तर ट्रेलिंग आर्मचे बुश किंवा त्यांची ब्रॅकेट बघा.

पण थांबा. टीआर६मध्ये खाटकन वाजणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. प्रॉपशाफ्टचे आणि हाफ शाफ्टचे (डिफपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) झिजले तरी तोच आवाज, वायर व्हील असतील तर हबच्या दात्यांची झीज, डिफच्या गिअरमधलीच ढिलाई (बॅकलॅश), किंवा नुसते डिफचे रबर बसलेले. आणि हाफ शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनचं (एकात एक सरकणाऱ्या दात्यांचं) तर खास नाटक असतं, जोर असताना त्या अडकून बसतात आणि ॲक्सिलरेटर सोडला की एकदम सुटतात, मग मागची बाजू हलकीशी झटका देते. तो झटका म्हणजे चासी तुटली असं नाही, आधी स्प्लाइन उघडून साफ करा, ग्रीस भरा. स्वस्तातलं काम आधी उरकायचं.

गाडी उचलून तपासणी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासणी चालते, वेल्डिंग चालत नाही. ग्राइंडरचा पहिला आवाज आला की सेक्रेटरी खाली येतात, आणि खरं सांगायचं तर पेट्रोलच्या गाड्यांच्या मधोमध ठिणग्या उडवणं योग्यही नाही. तपासणी घरी, वेल्डिंग गॅरेजमध्ये, असंच ठरवा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग मागून जॅक लावून उचला आणि चासीच्या मुख्य रेलखाली घोडे (जॅक स्टँड) लावा, ट्रेलिंग आर्मच्या पुढे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. फरशीच्या तुकड्यांवर किंवा विटांवर घोडा उभा करायचा नाही, मुंबईतल्या पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगमध्ये तर घोड्याखाली जाड प्लायचा तुकडा टाकाच, नाहीतर एक पाय ब्लॉकच्या फटीत रुततो.

आता डिफच्या नाकाखाली लाकडी ठोकळा ठेवून छोटा जॅक लावा आणि अगदी हळू हळू वर दाबा. गाडी उचलायची नाहीये, फक्त नाक दाबायचंय. हे करताना टॉर्च लावून पुढची उजवी पिन जिथे ब्रॅकेटमधून बाहेर येते तिथे बघा. रबर दबेल, ते दबायलाच पाहिजे. पण पिनेभोवतीचा पत्रा हलला, किंवा ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबरच्या जोडावर केसासारखी फट उघडझाप करायला लागली, तर तुमचं उत्तर मिळालं. जॅक सोडा, फट मिटेल, पुन्हा दाबा, पुन्हा उघडेल. हाताने हलवून हे कधीच कळत नाही कारण हाताच्या जोराने ती पिन ढिम्म हलत नाही.

मग वायर ब्रशने साफसफाई. पन्नास वर्षांचा अंडरसील, तेल आणि माती काढल्याशिवाय काही दिसत नाही. क्रॉसमेंबर आणि मुख्य रेल जिथे जुळतात तिथे छोट्या हातोडीने टकटक करत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला बद्द. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. आत गेलं तर आता कळलेलं बरं.

तडा आहे का नाही याची खात्री डोळ्यांनी होत नसेल तर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करा. फॅब्रिकेशनवाले पाइपलाइनच्या वेल्डिंगला करतात तीच, तीन स्प्रेचे डबे असतात, नागदेवी स्ट्रीटला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पृष्ठभाग उघडा आणि कोरडा करायचा, लाल रंग मारायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, फडक्याने पुसायचं (क्लीनर फडक्यावर मारायचा, थेट पत्र्यावर नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चारही पिनांची ब्रॅकेट, ट्रेलिंग आर्मच्या चारही ब्रॅकेटच्या आसपासचा पत्रा आणि शॉक अबसॉर्बरचे माउंट, सगळीकडे एकदाच करून टाका.

कागदपत्रांचं एक

२०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. मूळ स्वरूप म्हणजे चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. तडा गेलेलं ब्रॅकेट दुरुस्त करून त्याला आधाराचा पत्रा लावणं ही दुरुस्ती आहे असं माझं मत, पण रेल कापून नवी बनवली, डिफच दुसऱ्या गाडीचा बसवला, तर ते सरळ बदल झाले. आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा. आणि ग्राइंडर लावण्याआधी चासी नंबर कुठे आहे तो शोधून त्यावर मास्किंग टेप मारा, आरटीओच्या तपासणीत तो नंबर वाचता आला नाही तर बाकी सगळं काम पाण्यात.

माणूस आणि माल

मुंबईत वेल्डर गल्लोगल्ली आहेत, पण खिडकीची ग्रिल बनवणारा आणि चासीवर काम करणारा यात फरक आहे. तुम्हाला सीओटू वेल्डिंगवाला (मिग वेल्डिंग करणारा) पाहिजे. गॅस वेल्डिंगने एवढी उष्णता जाते की चासी वाकते आणि आजूबाजूचा पत्रा मऊ पडतो. साधं आर्क वेल्डिंग जाड पट्टीला ठीक, पण टीआरच्या पातळ जुन्या पत्र्यावर भोकं पडतात. परीक्षा सोपी आहे. जुन्या पत्र्याच्या जाडीचे दोन तुकडे द्या, काटकोनात वेल्ड करायला सांगा, थंड झाल्यावर वाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. वेल्ड सुटला तर चहा पिऊन निघा. पत्रा वाकला आणि वेल्ड टिकला तर बोलणी करा.

बहुतेक ठिकाणी एक वाक्य ऐकायला मिळतंच, "शेठ, मोटा अँगल मार देते हैं, जिंदगीभर नहीं टूटेगा." इथेच ठामपणे नाही म्हणायचं. पाच मिलिमीटरचा अँगल दोन मिलिमीटरच्या पत्र्याला चिकटवला की अँगल तुटत नाही हे खरं, पण अँगल जिथे संपतो बरोबर तिथे पुढचा तडा जातो, कारण सगळी हालचाल आता त्या एका रेषेवर गोळा होते. शर्टाचं बटण कापडासकट उपटून आलं की आई मागे कापडाचाच छोटा तुकडा ठेवून मग बटण लावते, पुठ्ठा लावत नाही. तसंच इथे, मूळ पत्र्यापेक्षा जरासा जाड, पण चांगला पसरट. मूळ पत्रा उघड्या कडेला वर्नियरने मोजा, आणि आधाराचा पत्रा त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे बहुतेक वेळा अडीच ते तीन मिलिमीटर.

पत्रा साध्या माइल्ड स्टीलचाच. सीआर (थंड लाटलेला) मिळाला तर उत्तम, एचआर (गरम लाटलेला) घेतला तर वरची काळी पापडी घासून काढा. जीआय (जस्त चढवलेला) नको, जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डही खराब होतो. स्टेनलेस तर अजिबात नको. दारूखान्यातून (मुंबईतला जहाजं तोडण्याचा भाग) स्वस्तात पत्रा आणायचा मोह होतो, पण जहाजाच्या भंगारातला तुकडा कुठल्या स्टीलचा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

तयार किट परदेशात मिळतं, टीआरचे पार्ट विकणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत डिफ माउंटच्या आधारपट्ट्यांचा सेट असतो. शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. नाहीतर जाड पुठ्ठ्याचे साचे कापून, गाडीखाली लावून बघून, ते साकीनाक्याला किंवा रबाळेला लेझर कटिंगवाल्याकडे द्या. मी दुसऱ्या मार्गाचा माणूस आहे, कारण कुठल्याही जुन्या चासीवर आधी कोणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि तयार पट्टी तिथे बसतच नाही. मात्र रबरी बुशांचा सेट आणि नवे नट त्याच दुकानांतून मागवून ठेवा, धागे युएनएफचे (इंची मापाचे) आहेत, इथला मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवू नका.

खोलणं

सगळ्यात आधी बॅटरी काढा. नुसता टर्मिनल ढिला नाही, दोन्ही काढा, आणि आल्टरनेटरचा प्लगही.

मग पेट्रोलची टाकी. टीआर६ची टाकी सीटच्या मागे, डिकीच्या पुढच्या भागात असते, म्हणजे तुम्ही जिथे वेल्डिंग करणार त्याच्या जवळजवळ डोक्यावर. ती रिकामी करून भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. टाकी गाडीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. पेट्रोलचा पाइप चासीच्या कडेने मागून पुढे जातो, तो सुद्धा मागच्या भागातून सोडवून तोंडं बंद करा. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या केबल आणि मागच्या लाइटची वायरिंग बाजूला बांधा. डिकीतला आणि सीटमागचा कार्पेट बाहेर. वेल्डर "कुछ नहीं होगा" म्हणेल, म्हणू दे.

पुढे क्रमाने. एक्झॉस्ट, मग प्रॉपशाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) दोन्ही बाजूंना पंचने खूण करून नट काढा म्हणजे परत त्याच जागी बसेल. हाफ शाफ्टच्या आतल्या फ्लँजलाही तसंच. डिफ जड असतो, एकट्याने छातीवर झेलायची गोष्ट नाही, ट्रॉली जॅकवर फळी बांधून दोघांनी उतरवायचा, एक जण जॅकवर आणि एक जण डिफचा तोल सांभाळायला.

ट्रेलिंग आर्म काढायचे असतील तर आर्मखाली जॅक लावून शॉकची लिंक सोडा, ब्रेकचा लवचीक पाइप सोडा, आणि मग जॅक हळू खाली घ्या. स्प्रिंगमध्ये ताकद असते, पूर्ण सैल होईपर्यंत हात मध्ये घालू नका. आर्मची ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये पातळ शिम (पत्र्याचे पातळ तुकडे) असतात, त्यांच्यावर मागच्या चाकांचा टो (चाकं पुढे आत की बाहेर वळलेली) ठरतो. कुठल्या बोल्टवर किती होते ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. ब्रॅकेटवर खाचा असतात, एक, दोन किंवा तीन, आणि ब्रॅकेट सुलटं आहे का उलटं यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो, त्यामुळे काढण्याआधी फोटो, जवळून, प्रत्येकाचा.

मापं घ्या, ओळंबा लावा

हा भाग लोक टाळतात आणि नंतर गाडी सरळ चालत नाही म्हणून बोंबलतात. चासी घोड्यांवर लेव्हलमध्ये ठेवा, स्पिरिट लेव्हल लावून बघा. दरवाज्याच्या फटी बघा, वर आणि खाली सारख्या नसतील तर चासी कुठेतरी बसली आहे, आणि तशीच वेल्ड केली तर तो वाक कायमचा पक्का होणार. चासीवर पुढे दोन आणि मागे दोन अशा जागा निवडा ज्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, उदाहरणार्थ ट्रेलिंग आर्म ब्रॅकेटचं बाहेरचं बोल्टचं भोक. तिथून गवंडी वापरतो तो ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा, आणि मग गाडीखालून बाहेर येऊन आरामात टेपने कर्ण मोजा. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही कर्ण जुळायला हवेत. खडूच्या खुणा पुसू देऊ नका, वेल्डिंगनंतर हेच पुन्हा करायचंय.

डिफच्या चार पिनांची एकमेकींतली अंतरंही मोजा. आणि सात-आठ मिलिमीटरच्या पट्टीतून एक जिग (पिना जागेवर धरून ठेवणारा साचा) बनवून घ्या, लेथवाल्याकडून चार भोकं बरोबर डिफच्या मापाने पाडून. जिग पिनांवर चढवून नट घट्ट करून मगच वेल्डिंग. वेल्ड थंड होताना पत्रा ओढला जातो, पिना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्या तरी डिफ चढवताना घाम निघतो.

डिफच्या पिना

अंडरसील खरवडून, डिग्रीझर मारून, फ्लॅप डिस्कने चकचकीत पत्रा उघडा करा, वेल्ड जिथे होणार त्याच्या दोन बोटं पलीकडेपर्यंत. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तडा पुढे सरकायचा थांबतो, मग तडा पातळ कटिंग व्हीलने व्ही आकारात उघडा आणि आरपार वेल्ड करून घासून सपाट करा. तडा तसाच ठेवून वरून पट्टी मारणं म्हणजे निव्वळ मलमपट्टी, आत तो चालूच राहतो.

पिन ब्रॅकेटच्या पत्र्यात जिथे बसते तिथला जुना वेल्ड बघा, बहुतेकदा तुटायची सुरुवात तिथूनच. पिन वाकलेली किंवा धागे खाल्लेली असेल तर नवी बसवा. मग आधाराच्या पट्ट्या. मूळ ब्रॅकेट खालून उघडं आणि बाजूंनी कमजोर असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या अशा लावायच्या की त्या ब्रॅकेटपासून क्रॉसमेंबरच्या उभ्या बाजूपर्यंत जातील, म्हणजे पिनेचा वर-खाली जोर एका जोडावर न पडता लांबवर पसरतो. पट्टीची टोकं चौकोनी ठेवू नका, निमुळती किंवा गोलाकार कापा. पट्टीचा शेवट चासीच्या कडेला आडवा वेल्ड करू नका, तिथे नवा तडा हमखास. सगळं बंद पेटीसारखं झालं तर खाली एक छोटं भोक ठेवा, पाणी बाहेर यायला.

वेल्डिंग करताना आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), जिग तपासा, मग दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. पाणी मारून थंड करायचं नाही. अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारी, चासीवर. गाडीत एक माणूस बसवा, हातात टॉर्च आणि फायर एक्स्टिंग्विशर, शेजारी बादली आणि ओलं गोणपाट, त्याचं काम फक्त आत धूर येतोय का बघायचं. वेल्डिंग संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तिथून हलायचं नाही, अंडरसील आतल्या आत धुमसतो.

फक्त उजवी पुढची तुटलीय म्हणून तेवढीच करू नका. ती मजबूत झाली की जोर डावीकडे सरकतो. पुढच्या दोन्ही आणि जमलं तर मागच्या दोन्ही, डिफ उतरलेलाच आहे तर.

ट्रेलिंग आर्मची जागा

इथे आधी गंजाचा हिशोब. पत्रा सडला असेल तर सडका भाग कापून नवा बसवायचा, सडक्यावर पत्रा चढवायचा नाही. दोन पत्र्यांमध्ये गंज शिल्लक राहिला की तो फुगत जातो आणि नवी पट्टी वर उचलतो.

पत्रा धड असेल तर ब्रॅकेटच्या मागे बोल्टांच्या भोकांभोवती मोठी आधारपट्टी, कडेने आणि मध्ये दोन-तीन भोकं पाडून त्यांतूनही वेल्ड केलेली. बोल्ट पोकळ पेटीतून आरपार जात असेल तर आत जाड पाइपचा तुकडा बसवा, दोन्ही टोकांना वेल्ड करून, म्हणजे बोल्ट आवळताना पेटी चेपत नाही. हा पाइप नसताना लोक बोल्ट आवळत राहतात, पेटी चेपत राहते, आणि बोल्ट कायम ढिलाच.

बुशांच्या बाबतीत माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांचं बघून कडक पॉलियुरेथेन किंवा नायलॉन बसवू नका. मुंबईत गाडी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला आणि वर्षातून एकदा रॅलीला जाते, मधले खड्डे कोणीतरी सोसायला हवेत ना, बुशने नाही सोसले तर ब्रॅकेट सोसणार. रबर किंवा मऊ पॉली. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मग आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

आर्म बाहेर आहे तोवर हबचे सहा स्टड बघून घ्या. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे स्टड, धागे उपटून येणं नेहमीचं आहे. हेलिकॉइल (नवे धागे देणारी तारेची गुंडाळी) लावा, भोक तिरकं पाडू नका, हाताच्या ड्रिलने नको, ड्रिल प्रेसवाल्याकडे न्या.

शॉक अबसॉर्बर जुने लिव्हरवाले असतील तर त्यांचे बोल्ट ढिले पडतात, तेवढं बघा. टेलिस्कोपिक किट बसवलेलं असेल तर त्याचं ब्रॅकेट चासीला कुठे लागलंय तिथे डीपी टेस्ट कराच.

रंग, आणि परत बसवणं

पुन्हा ओळंबा, पुन्हा कर्ण, जिग काढून पुन्हा घालून बघा. जुळलं की घाई करून काळा रंग फासू नका. एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, वर फिकट राखाडी रंग. काळ्यापेक्षा राखाडी बरा, कारण पुढे कधी तडा गेला तर गंजाची तांबूस रेघ लांबूनही दिसते. पेटीच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, पाण्याची भोकं बुजली नाहीत ना बघून. हे काम ऑक्टोबरनंतर काढा, जुलैच्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर संध्याकाळपर्यंत गंज चढतो.

बसवताना नवे रबर, नवे नायलॉक नट, डिफमध्ये ९० नंबरचं ईपी ऑइल. ब्रेकचा पाइप सोडला होता तर ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं). टाकी बसवल्यावर आधी थोडंच पेट्रोल टाकून प्रत्येक जोडाला कोरडं बोट फिरवा. शिम लिहिल्याप्रमाणे परत, तरीही व्हील अलाइनमेंट करून घ्याच, मागच्या चाकांचीही. बरेच अलाइनमेंटवाले मागे ॲडजस्टमेंट नसते म्हणून पुढचंच करून पाठवतात, त्यांना मॅन्युअलचं पान आणि शिम दाखवा.

पहिली फेरी सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, सौम्य क्लच सोडून. पहिल्या-रिव्हर्सचा खेळ करून आवाज ऐका. दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की डिफचे चार नट, ट्रेलिंग आर्मचे बोल्ट आणि हाफ शाफ्टच्या फ्लँजचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा तपासा. नंतर दर पावसाळ्यानंतर गाडी उचलून धुवा, आणि पुढच्या उजव्या पिनेपासून बघायला सुरुवात करा.